तोफेच्या कानातलं मेण

रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास करवीरच्या संभाजीराजांसाठी आज्ञापत्र लिहिलं, तेव्हा गडकोटांच्या प्रकरणात त्यांनी एका गोष्टीची फार बारीक काळजी घेतली. पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावं, त्यांच्या कानात मेण भरावं, वर झाकण घालावं आणि त्या वाया जाऊ देऊ नयेत. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा. हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी जातीने येऊन दारू आणि बाण बाहेर काढावेत, ऊन द्यावं आणि पुन्हा जागच्या जागी लावून ठेवावेत. राज्यकारभारावरच्या ग्रंथात इतकी घरगुती सूचना कशाला, असं एखाद्याला वाटेल. त्याने आषाढात पन्हाळ्यावर दोन दिवस राहून पाहावं. तिथे वाळत घातलेलं धोतर वाळत नाही, मग दारूची काय कथा.

तोफेचा कान म्हणजे मागच्या अंगाला वरून पाडलेलं बारीक भोक. तोंडातून आधी दारू घालायची, मग गोळा, आणि गजाने ते आत ठासायचं. कानात रंजक, म्हणजे बारीक दारूची चिमूट, भरायची आणि बत्ती द्यायची. रंजक पेटली तर आतली दारू पेटणार. कान ओला राहिला, त्यात गंज धरला, तर मणामणाचं ते धूड बुरजावरचं नुसतं ओझं. बार झाला की ओल्या पोचाऱ्याने नळी आतून पुसायची; एखादी ठिणगी आत राहिली तर पुढची दारू भरणाऱ्याच्याच अंगावर उडायची. पुसणारा, भरणारा, ठासणारा, कान बोटाने दाबून धरणारा आणि बत्ती देणारा, यांचे हात एका तालात चालावे लागतात. ही विद्या फार अवघड नाही, पण ती विसरून चालत नाही. शत्रू दहा-वीस वर्षांत एखाद्या वेळी येणार. मेण मात्र दर ज्येष्ठात भरायचं.

हे मेण भरायचं कुणी, या प्रश्नापाशी कोल्हापूरच्या इतिहासातलं एक मोठं आणि बरंचसं विसरलेलं प्रकरण सुरू होतं.

मराठ्यांच्या तोफखान्याचं नाव निघालं की आपल्याला पानिपतावरचा इब्राहिमखान गारदी आठवतो, नाहीतर पेशव्यांच्या तोफखान्याची सरदारी सांभाळणारं पानसे घराणं. पानशांनी १७५७ ते १७६० या काळात सोनोरीला बांधलेला मल्हारगड अजून पुण्याहून दिवे घाटाकडे जाताना दिसतो. पण तो मैदानी तोफखाना. तिथले गोलंदाज पगारी, बारमाही आणि पुष्कळदा परमुलखातले. पगार थकला की ते दुसऱ्याच्या छावणीत जात. गडावरच्या तोफा अशा माणसांच्या भरवशावर ठेवता येत नव्हत्या. गड बारा महिने राखायचा आणि लढाई क्वचित, तेव्हा नुसत्या बसून राहणाऱ्याला रोख पगार कुठला परवडणार? म्हणून गड राखायला तिथल्याच रानातली माणसं ठेवली. त्यांना गडाच्या पायथ्याशी जमीन दिली. पेरणी, मळणी आपली करावी, पाळी आली की गडावर चढावं, तटावर पहारा द्यावा, संकट आलं तर सगळ्यांनी वर जावं. हे गडकरी. बापाची पाळी मुलाकडे, मुलाची नातवाकडे.

गडकरी म्हणजे सगळेच गोलंदाज नव्हेत, हे आधीच सांगितलेलं बरं. किल्ल्यावर हवालदार, सबनीस, सरनोबत हे अंमलदार असत. घेर मोठा असेल तर तटाचे भाग पाडून पाच-सात तटसरनोबत नेमावेत अशी शिवकाळापासूनची रीत बखरकार सभासदाने नोंदवली आहे. त्यांच्या हाताखाली तटावरचे लोक, दरवाज्यावरचे लोक, तोफांपाशी असणारे लोक. गडाखालच्या घेऱ्यात मेटांवर आणि चौक्यांवर रामोशी, महार, मांग, बेरड यांची राखण. सगळ्यांना जमीन होती असं म्हणताना कुणाला किती आणि कसली हेही पाहावं लागतं. तटावरच्या मराठ्याचा वाटा आणि रानातल्या चौकीवर रात्र काढणाऱ्या महाराचा वाटा एका मापाचा नव्हता. पुढे १९१८ मध्ये शाहू महाराजांनी महारवतन मोडलं ते वतनातली वेठ पाहूनच. तेव्हा गडकऱ्यांच्या जमिनीबद्दल गहिवरून लिहिताना जरा हात आखडता घ्यावा.

पण हिशेब म्हणून ही व्यवस्था फार पक्की होती. सरकारच्या तिजोरीतून रोख जात नव्हतं. शिपायाचं घर, बैल, बायकापोरं गडाच्या सावलीत. तो पळून जाणार कुठे? गड पडला तर आधी त्याचं शेत लुटलं जाणार. शत्रूने पैसे चारले तरी फितुरीचा सौदा त्याला सहसा फायद्याचा पडत नसे. या पक्केपणात एक गोम मात्र होती. पिढ्यान्‌पिढ्या ज्या तोफेच्या कानात आपल्या बापाने, आजाने मेण भरलं, ती तोफ सरकारची आहे ही गोष्ट माणूस हळूहळू विसरतो. गड आमचा, जमीन आमची आणि तिचा दाखला म्हणजे आमची चाकरी, असं त्याचं गणित बसतं. कागदावर ते उलट असतं: चाकरी म्हणून जमीन. शंभर वर्षं दोन्ही गणितांचं उत्तर एकच येत राहिलं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

ते लक्षात आणून दिलं कंपनी सरकारने. १८१८ नंतर दक्षिण महाराष्ट्राच्या रानात शांतता नांदू लागली, आणि शांततेत गड राखणारा माणूस हिशेबनिसाच्या डोळ्यांत खुपतो. त्याच्याकडची जमीन सारा देत नाही. तो करतो काय, तर रिकामा तट राखतो. कोल्हापूरच्या दक्षिणेला कित्तूरच्या मुलखात याची पहिली ठिणगी पडून गेली होती. संगोळ्ळी रायण्णा हा शेतसनदी, म्हणजे गडकऱ्याचाच चुलतभाऊ: जमीन घ्यायची, गरज पडली की हत्यार धरायचं. कित्तूर खालसा झाल्यावर त्याची काही जमीन गेली, उरलेलीवर जबर सारा बसला. १८२९ च्या अखेरीस तो उठला आणि जानेवारी १८३१ मध्ये नंदगडला फासावर चढला. बेळगावच्या इंग्रज छावणीला यातून धडा घ्यायला पुरेशी वर्षं मिळाली होती.

कोल्हापुरात १८३८ साली शहाजी उर्फ बुवासाहेब महाराज यात्रेत वारले. गादीवर आलेले शिवाजी उर्फ बाबासाहेब लहान होते. त्यांची आई आणि राजघराण्यातल्या दिवाणसाहेब यांच्या ओढाताणीत कारभार अडकला. इंग्रजांना अशा वेळी आपला माणूस बसवायला निमित्त लागत नसे. त्यांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमलं. दाजी पंडितांना बखरी-कहाण्यांत खलपुरुष करून टाकलं आहे. मला ते तेवढे काळे वाटत नाहीत. कर्जाने वाकलेल्या संस्थानाचा हिशेब जमवायला बसवलेला, वरून इंग्रजांचा रेटा असलेला आणि दरबारात एकही सोबती नसलेला माणूस जे करतो ते त्यांनी केलं. जिथे उत्पन्न दडलेलं दिसलं तिथे हात घातला. गडकऱ्यांचा कारभार पूर्वापार गडाच्या आपल्या अंमलदाराकडे होता, तो काढून मामलेदारांकडे दिला.

वाचायला ही साधी खातेबदली वाटते. गडकऱ्याला ती तशी वाटणं शक्य नव्हतं. गडाचा अंमलदार त्याला नावाने ओळखत होता, पाळीला माणूस आला की नाही एवढंच बघत होता. मामलेदार ओळखतो तो सर्व्हे, बिघे आणि सारा. ज्या दिवशी गडकऱ्याचं नाव मामलेदाराच्या वहीत गेलं त्या दिवशी तो शिपाई राहिला नाही, कूळ झाला. उद्या ती वही बघून सारा मागणारा येणार, हे ओळखायला लिहिता-वाचता येण्याची गरज नव्हती.

जुलै १८४४ मध्ये सामानगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. पाठोपाठ भुदरगडने तेच केलं.

सामानगड गडहिंग्लजच्या जवळ. पन्हाळ्यापुढे तो लहानच, पण शिवकाळात अण्णाजी दत्तोंनी तो भक्कम करून घेतला होता आणि कातळात खोदलेल्या विहिरींमुळे त्याला पाण्याची ददात नव्हती. प्रतापराव गुजर जिथे पडले ती नेसरी याच मुलखातली. भुदरगड गारगोटीच्या वर. दोन्हीकडची माणसं शेतकरी, आणि त्यांनी वेळ निवडली ती पावसाची. रोपं लावून झाली की या भागातल्या शेतकऱ्याला थोडी उसंत असते. सरकारला मात्र त्याच दिवसांत काळ्या मातीच्या वाटांवरून जड तोफा ओढणं महाकठीण. हे कुणी मुद्दाम ठरवून केलं की आपोआप जमलं, ते कागदांतून दिसत नाही. पण गडावरच्या तोफेच्या कानातलं मेण काढलेलं आणि खालची सरकारी तोफ चिखलात, एवढा फायदा त्यांना दोन महिने पुरला.

आधी संस्थानाने समजावून पाहिलं, मग दम दिला. सप्टेंबरात बेळगावहून फौज निघाली. लवकरच प्रकरण दोन गडांचं राहिलं नाही. ऑक्टोबरात खुद्द कोल्हापुरात शिबंदी उठली, दाजी पंडित कैदेत पडले आणि बाबाजी आहिरेकर यांच्या हाती कारभार गेला. पन्हाळा, पावनगड, विशाळगड, रांगणा, सगळीकडे धुमस. घाटाखाली सावंतवाडीत फोंड सावंत तांबूळकर आणि त्यांची माणसं उठली, मनोहर आणि मनसंतोष हे गड त्यांच्या हाती आले. कोल्हापूरचे गडकरी आणि वाडीचे सावंत यांचं एरवी कधी विशेष सख्य नव्हतं. पण सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना एकाच प्रकारची माणसं एकाच प्रकारच्या वहीला भीत होती.

१३ ऑक्टोबर १८४४ रोजी जनरल डेलामोटच्या फौजेने सामानगड हल्ला करून घेतला. या लढाईच्या सांगीव कथा त्या भागात पुष्कळ आहेत. मुंजाप्पा कदम हे नाव अजून अभिमानाने घेतलं जातं. गडावरच्या तोफांनी किती काम केलं, याचा मात्र विचार करावासा वाटतो. डोंगरी किल्ल्यावरची तोफ खाली रोखायला अवघड. नळी खाली झुकवली की गोळा घरंगळायची भीती, म्हणून तो चिंध्यांच्या बोळ्याने आत घट्ट बसवावा लागतो. शिवाय गोळा डोंगराच्या सोंडेवर टप्पा घेत नाही, उतारावर रुततो. या तोफांचा खरा धाक दूरवरून दरवाज्याकडे येणाऱ्या वाटेवर. शत्रू एकदा तटाखालच्या झाडीत शिरला की तिथून पुढे दगड, बंदूक आणि तलवार. बेळगावहून आलेल्या तोफांची गोष्ट वेगळी. त्यांच्यामागे रोज कवायत करणारे गोलंदाज होते, आणि दारू कोरडी होती.

मधल्या काळात गडकऱ्यांच्या हाती एक मोठी असामी लागली. कर्नल ओव्हान्स हे काही साधे लष्करी अधिकारी नव्हते. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत केलं गेलं, त्या कारस्थानात ज्यांच्या नावाने साताऱ्यात बोटं मोडली जात ते हेच, साताऱ्याचे रेसिडेंट. ते या बाजूला आले असताना वाटेत धरले गेले आणि पन्हाळ्यावर कोंडले गेले. गडकऱ्यांना या कैद्याचं नेमकं करायचं काय हे ठरवता आलं नसावं. त्यांनी त्याला मारलं नाही. साताऱ्याचा सूड घेण्याची ही नामी संधी होती, पण पन्हाळ्यावरच्या माणसांना साताऱ्याच्या गादीपेक्षा आपल्या बांधाची काळजी जास्त होती. मला या बंडाचा स्वभाव या एका गोष्टीत दिसतो. त्यांना राज्य बुडवायचं नव्हतं आणि नवीन राज्य स्थापायचंही नव्हतं. जुना करार जसाच्या तसा हवा होता. ओव्हान्स जिवंत सुटले.

१ डिसेंबर १८४४. पन्हाळ्याच्या तटावर मोर्चे लागले, तोफांनी तट फोडला आणि त्याच दिवशी हल्ला झाला. ज्या गडाने १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा महिनोन्‌महिने सोसला, तो एका दिवसात पडला. याला गडकऱ्यांचा भ्याडपणा कारण नव्हता. मधल्या पावणेदोनशेहून अधिक वर्षांत वेढ्याची तोफ कुठच्या कुठे गेली होती आणि तटावरची तोफ होती तिथेच राहिली होती. बाबाजी आहिरेकर लढाईत पडले. शेजारचा पावनगडही त्याच दिवशी गेला. पन्हाळ्याचा चार दरवाजा या वेढ्यात उद्ध्वस्त झाला. आज प्रवासी तीन दरवाज्यापाशी फोटो काढतात आणि चार दरवाज्याचं नाव तेवढं फलकावर वाचतात.

घाटाखाली लढाई अजून थोडी चालली. तिथे जेम्स औट्रॅम होता, तोच पुढे लखनौला नाव काढणारा. जानेवारी १८४५ मध्ये मनोहरगड पडला आणि उरलेली पुढारी मंडळी पोर्तुगीज हद्दीत, गोव्यात उतरली.

मग हिशेब सुरू झाला. बंड मोडायला इंग्रजांना जो खर्च आला तो कोल्हापूरच्या माथी मारला. म्हणजे गडकऱ्यांच्या जमिनीतून चार पैसे वाचवायला निघालेलं संस्थान आणखी कर्जात रुतलं. पन्हाळा, सामानगड, भुदरगड, विशाळगड, रांगणा यांचे तट आणि दरवाजे पाडून गड निकामी केले. गडच निकामी झाले तेव्हा गडकरी कशाचे? गडकऱ्यांच्या जागी इंग्रज अंमलदारांच्या हाताखालची कोल्हापूर इन्फंट्री आली: कवायती, पगारी, खांद्याला बंदूक. तोफ नाही.

१८५७ मध्ये पुन्हा कोल्हापूर पेटलं. ३१ जुलैच्या रात्री २७ वी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री उठली. ६ डिसेंबरला शहराच्या वेशी बंद झाल्या आणि इंग्रज अंमलदार जेकबने त्या फोडल्या. राजांचे धाकटे भाऊ चिमासाहेब महाराजांना कराचीला नेऊन ठेवलं, तिथेच ते १८६९ मध्ये वारले. ती कथा कोल्हापूरकरांना पाठ आहे. इथे तिचा एवढाच संबंध, की तेव्हा वेशी बंद करणाऱ्यांच्या पाठीशी एकही लढता गड नव्हता. तेरा वर्षांपूर्वी तो बंदोबस्त होऊन गेला होता.

आणि मग दिल्ली-लखनौच्या अनुभवावरून इंग्रजांनी एक नियमच केला. १८५९ च्या पील कमिशनने सांगितलं की तोफखाना शक्यतो सगळा युरोपियनांच्या हाती असावा. अपवाद उरले ते डोंगरी बॅटऱ्यांचे, खेचरांवर लादायच्या हलक्या तोफांचे. त्यांत सगळ्यांत जुनी आपल्या मुंबई इलाख्यातली, २८ सप्टेंबर १८२७ रोजी बॉम्बे फूट आर्टिलरीच्या गोलंदाज बटालियनमध्ये उभी राहिलेली. पुढे ती पाचवी बॉम्बे माउंटन बॅटरी झाली. भारतीय तोफखाना अजून २८ सप्टेंबरलाच आपला गनर्स डे साजरा करतो. बाकी मोठी तोफ हिंदी माणसाच्या हाती यायला १५ जानेवारी १९३५ उजाडावं लागलं. त्या दिवशी बंगळूरला हिंदी तोफखान्याची पहिली फील्ड ब्रिगेड उभी राहिली.

कोल्हापुरात या काळात तोफा वाजत होत्या, पण सलामीच्या. महाराजांना एकोणीस तोफांचा मान. किती बार काढायचे ते कलकत्त्याला ठरायचं.

याच वर्षांत इंग्रज मात्र स्वतःचे अर्धवेळ गोलंदाज तयार करत होते. मुंबईत १८७७ साली व्हॉलंटिअर रायफल्स निघाली आणि दहा-एक वर्षांत तिच्या जोडीला व्हॉलंटिअर आर्टिलरी आली. बँकेतले, बंदरातले, व्यापारी पेढ्यांतले गोरे आणि अँग्लो-इंडियन लोक संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी तोफेवर कवायत करत. दिवसा खर्डेघाशी, संध्याकाळी पोचारा आणि गज. कल्पना तंतोतंत गडकऱ्याची: आपला धंदा करावा आणि वेळ आली की तोफेपाशी यावं. फक्त त्यात गडकरी घ्यायचा नाही. १८८६ च्या कलकत्ता काँग्रेसने हिंदी लोकांना स्वयंसेवक सैनिक होऊ द्या असा ठराव केला. वकिलांच्या आणि प्राध्यापकांच्या त्या सभेला सामानगड आठवत होता की नाही कोण जाणे. सरकारला तसली प्रकरणं विसरायचं कारण नव्हतं.

पहिल्या महायुद्धात ही विभागणी एका वेढ्यात उघडी पडली. मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा इथे ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांनी ब्रिटिश सेनापती टाउनशेंडची फौज कोंडली होती. आत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. या पलटणींची भरती सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या पट्ट्यातली. आणि त्याच वेढ्यात व्हॉलंटिअर आर्टिलरी बॅटरी नावाची एक तुकडी होती, युरोपीय स्वयंसेवकांची, पंधरा पौंडी तोफांची. गडकऱ्यांचे पणतू खंदकात बंदूक घेऊन, आणि कालपरवापर्यंत टेबलाशी बसणारे कारकून तोफेवर. उपासमार दोघांना सारखीच आली, शेवटी कैदही.

१९१७ साली इंडियन डिफेन्स फोर्सचा कायदा झाला आणि टिळकांनी व्याख्यानांतून तरुणांना त्यात शिरायला सांगितलं. हत्यार हातात येतंय तर ते घ्या, तक्रारी नंतर करू, असा त्यांचा व्यवहारी कौल. १९२० मध्ये त्याचे दोन तुकडे झाले. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांसाठी ऑक्झिलरी फोर्स, तिच्यात तोफखाना. हिंदी लोकांसाठी टेरिटोरियल फोर्स, ती पायदळाची. हा भेद इतका उघडा होता की त्यावर टीका करायला विशेष बुद्धी लागत नसे.

१ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. संस्थानची राजाराम रायफल्स मराठा लाइट इन्फंट्रीत गेली आणि तिची १९ वी बटालियन झाली. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी नव्या प्रादेशिक सेनेचं उद्घाटन केलं. आधी झालेला १९४८ चा कायदा वाचला तर आज्ञापत्राच्या काळातला माणूसही मान डोलावेल. पोटापाण्याचा स्वतःचा धंदा असलेला नागरिक घ्यावा, त्याला वर्षातले काही आठवडे शिकवावं, संकटात बोलवावं, संकट सरलं की घरी पाठवावं. जमिनीच्या जागी कामाच्या दिवसांचा पगार आला, वंशपरंपरा गेली आणि कुठल्या जातीने कुठे उभं राहायचं हा प्रश्नही गेला.

आणि या सेनेच्या पहिल्या वीस-बावीस वर्षांत एक गोष्ट घडली, जी १८४४ नंतर या देशात घडली नव्हती. स्वतःचं घर-शेत सांभाळणाऱ्या हिंदी माणसाच्या हाती पुन्हा तोफ आली. प्रादेशिक सेनेत विमानविरोधी रेजिमेंटी होत्या, किनाऱ्यावरच्या तोफांची बॅटरी होती. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत या विमानविरोधी तोफांवर कारखान्यातले, ऑफिसातले, शेतावरचे लोक उभे राहिले. आकाशातलं विमान दिसतं काही क्षण. बाकीचे दिवस तोफेची नळी पुसायची, दारूगोळा कोरडा ठेवायचा आणि वाट बघायची. किल्ल्यावरच्या पाळीचंच हे काम.

तेही टिकलं नाही. यंत्रं गुंतागुंतीची झाली, रडार आलं, वर्षातल्या दोन महिन्यांत शिकून होईना. १९७२ पर्यंत या तुकड्या मोडल्या किंवा नियमित सैन्यात गेल्या. मागे उरलं मुख्यतः पायदळ. या वेळी कारण अविश्वासाचं नव्हतं, कौशल्याचं होतं, आणि ते खरंही होतं.

कोल्हापुरात टेंबलाईच्या टेकडीकडे मराठा लाइट इन्फंट्रीची १०९ वी प्रादेशिक सेना बटालियन आहे. शहरात तिला नुसतं ‘टीए’ म्हणतात. भरती निघाली की गडहिंग्लज, भुदरगड, पन्हाळा, शाहूवाडीकडची पोरं पहाटेच्या एसटीने येतात, हातात कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी, पायात उसने बूट. धावायचं, छाती मोजून घ्यायची, कागद दाखवायचे. त्या कागदांत बहुतेकांचा सातबारा असतो.